पाव ब्रास निसर्ग : होतकरू पर्यावरण-कलावंतांसाठी प्राथमिक धडे

सर्वप्रथम अभिनंदन. निसर्गासाठी आपण काहीतरी केलं पाहिजे असं तुम्हाला वाटू लागलंय, आणि त्यासाठी पहाटे उठायची, चिखलात उतरायची किंवा गॅलरीतल्या मेलेल्या कुंड्या बदलायची तुमची तयारी नाही. या क्षेत्राची मूलभूत पात्रता तुमच्याकडे आहे. चित्र काढता येत नाही म्हणून खंत करू नका. चित्र काढता येणारी माणसं इथे मागे पडतात, कारण त्यांचा वेळ चित्र काढण्यात जातो.

मी या वाटेने जाऊन आलोय. एक स्वतंत्र प्रदर्शन, दोन सामूहिक प्रदर्शनं, एक निवासी शिष्यवृत्ती (जेवण ज्याचं त्याचं) आणि एक मामा, एवढ्या भांडवलावर हे धडे लिहितोय. मामांचा उल्लेख अधूनमधून येत राहील, कारण माती त्यांची होती.

१. आधी निसर्ग निवडून घ्या

सगळा निसर्ग एकदम अंगावर घेऊ नका, पेलत नाही. एकच जिन्नस धरा. प्लास्टिकच्या बाटल्यांचा देवमासा करायचं मनात असेल तर आत्ताच काढून टाका. तसा एकेक देवमासा आता प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजच्या गॅदरिंगला दारात उभा असतो.

प्राणी टाळा. जोसेफ बॉइस हा जर्मन कलावंत १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका दालनात तीन दिवस एका कायोटीबरोबर राहिला. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्या-लांडग्यांचा तिकडचा भाऊबंद. बॉइसच्या अंगावर जाडजूड नमदा, हातात काठी. विमानतळावरून दालनापर्यंत तो रुग्णवाहिकेतून आला आणि तसाच परत गेला. बॉइसला ते शोभलं. तुमच्या सोसायटीत भटक्या कुत्र्यांवरून आधीच दोन तट पडलेले आहेत, तुम्ही तिसरा पाडू नका.

फुलपाखरं मरतात. लंडनमध्ये २०१२ साली डेमियन हर्स्टच्या प्रदर्शनात ती हजारोंनी मेली आणि त्याचीच बातमी झाली. पाणी गळतं आणि खालच्या मजल्यावरचे लोक वर येतात. गवताला पाणी घालावं लागतं. राहता राहिली माती. नवशिक्यांना मातीच बरी. स्वस्त आहे, मुकी आहे, आणि तिच्या बाजूने अजून कुणी मोर्चा काढलेला नाही.

शिवाय मातीला परंपरा आहे. न्यूयॉर्कच्या वूस्टर स्ट्रीटवर एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर वॉल्टर डी मारियाने १९७७ मध्ये ३,६०० चौरस फुटांत २२ इंच जाडीचा मातीचा थर पसरला. अडीचशे घनयार्ड, म्हणजे आपल्या हिशेबात साडेसदुसष्ट ब्रास. ती माती आजही तिथेच आहे. वेळच्या वेळी तिच्यावर पाणी मारतात, दाताळं फिरवून सारखी करतात, चुकूनमाकून काही उगवलंच तर उपटून टाकतात. आत पाय ठेवायचा नाही. उंबऱ्यातून बघायची आणि मागे फिरायचं.

मी हे मामांना सविस्तर सांगितलं. साडेसदुसष्ट ब्रास माती, वर पाणी, मशागत, राखणीला माणूस, आणि जवळजवळ पन्नास वर्षं पेरलेलं काहीच नाही. मामांनी समजुतीने मान हलवली. म्हणाले, "कोर्टात वाद चालू असंल."

२. मातीला गाव हवं

माती रोपवाटिकेतून आणू नका. रोपवाटिकेतल्या मातीला वास असतो, कस असतो, सगळं असतं, चरित्र नसतं. मातीला गाव हवं आणि गावाला दुःख हवं. 'पर्जन्यछायेच्या टापूतील काळी माती' असं भिंतीवर लिहिता आलं की निम्मं काम झालं. माझं आजोळ करमाळ्याकडचं, त्यामुळे मी या बाबतीत जन्मतःच नशीबवान. तुमचं आजोळ सदाशिव पेठेत असेल तर माझी सहानुभूती आहे. लग्नाच्या नात्यातून काही जमतंय का बघा.

मामांनी विचारलं, "किती?"

"पाव ब्रास."

"कशाला?"

"दाखवायला."

"कुणाला?"

"मुंबईच्या लोकांना."

मामा थोडा वेळ बांधाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ने. पर वरची नेऊ नको. तीन उन्हाळं तळ्यातला गाळ वढून बसवलीया ती."

मी अर्थातच वरची नेली. खालच्या मुरमाला फोटोत रंग येत नाही.

भरताना स्वतः घमेलं उचलू नका. कंबर धरली तर कला थांबते. भरणाऱ्यांचे फोटो काढा, कृष्णधवल काढा, आणि चेहरे घेऊ नका, हात घ्या. हातांना मानधन मागता येत नाही. आमच्याकडे दोन गडी होते आणि मोजायला मामा स्वतः. पंचेचाळीस घमेली झाली. मी मोजत नव्हतो. कलावंताने मोजू नये.

वाहतुकीबद्दल एक सूचना. कलेच्या भाषेत माती म्हणजे आदिमाया असेल, सरकारच्या भाषेत ती गौण खनिज आहे. रॉयल्टीची पावती जवळ ठेवा. आमचा पिकअप टोलनाक्याच्या पुढे अडवला, तेव्हा मी पावती दाखवण्याऐवजी 'ही कलाकृती आहे' असं उत्साहाने सांगून बसलो. हवालदारसाहेब मागे गेले. ताडपत्रीचा कोपरा उचलून त्यांनी आत बराच वेळ पाहिलं. माझ्या कामाकडे इतका वेळ पुढे कुठल्याही समीक्षकाने पाहिलेलं नाही.

"नाव काय म्हणालात कलाकृतीचं?"

"सुफला."

"ते खताचं नाव आहे," असं म्हणून त्यांनी पावती मागितली.

३. टिपण लिहायला शिका

कलाकृती नसली तरी चालते, टिपण लागतंच. हा सगळ्यांत महत्त्वाचा धडा असल्यामुळे इथे जरा बसून सराव करू. खाली घरात रोज घडणाऱ्या गोष्टी आणि त्यांची टिपणातली रूपं दिली आहेत. डावा भाग झाकून उजवा म्हणायचा प्रयत्न करा.

टाकी गळते : जलस्मृतींचा स्राव.
तुळस वाळली : नागरी पावित्र्याच्या ऱ्हासाचा संथ अभिलेख.
दिवसभर एसी लावून लोळलो : कृत्रिम हवामानातील देहाचा दीर्घ अभ्यास.
सामान आलंच नाही, भिंत रिकामी राहिली : अनुपस्थितीशी संवाद.

जमतंय ना? आता नियम. 'अवकाश' दर परिच्छेदात दोनदा यावा. 'हस्तक्षेप' हा शब्द तुम्ही जमिनीत करता तेव्हा चांगला आणि बिल्डर करतो तेव्हा वाईट. कलाकृती नेहमी 'प्रश्न उपस्थित करते'. उत्तर मात्र चुकूनही देऊ नका, उत्तर दिलं की तिची शासकीय योजना होते.

'ॲन्थ्रोपोसीन' हा शब्द पहिल्या तीन ओळींत आलाच पाहिजे. माणसाच्या उचापतींनी पृथ्वीवर सुरू झालेलं नवं युग, असा त्याचा साधारण अर्थ. रसायनशास्त्रज्ञ पॉल क्रुत्सेन यांनी २००० सालच्या सुमारास तो सगळ्यांच्या तोंडी आणला. ज्यांचं हे काम आहे त्या भूगर्भशास्त्रज्ञांनी मार्च २०२४ मध्ये, बरीच वर्षं खल करून, त्याला अधिकृत युग म्हणायचा प्रस्ताव फेटाळला. त्याने तुम्ही विचलित होऊ नका. कलाक्षेत्रात त्याला बेमुदत मुदतवाढ आहे.

४. कार्बनचा हिशेब आधीच देऊन टाका

कुणीतरी विचारणारच की निसर्ग वाचवायला निसर्ग ट्रकमधून का आणलात. घाबरू नका, थोरामोठ्यांनाही विचारलंय.

२०१५ च्या डिसेंबरात पॅरिसला हवामान परिषद भरली होती, करार झाला तीच. ओलाफुर एलियासन या कलावंताने भूगर्भशास्त्रज्ञ मिनिक रोसिंग यांच्या साथीने ग्रीनलंडच्या खाडीतून बर्फाचे १२ अजस्र तुकडे आणले आणि पाँतेओंसमोरच्या चौकात घड्याळातल्या आकड्यांसारखे मांडले. बर्फ वितळू लागला. लोकांनी त्याला मिठ्या मारल्या, कान लावून आतल्या हजारो वर्षांच्या हवेचे बुडबुडे फुटताना ऐकले, काहींनी जीभही लावून पाहिली. एवढा बर्फ आणून मांडण्यात साधारण ३० टन कार्बन खर्ची पडला, हा हिशेब एलियासननेच करवून घेऊन जाहीर केला.

यातून दोन गोष्टी शिका. पहिली, हे तुकडे हिमचादरीपासून आधीच तुटून पाण्यात तरंगत होते. खाली पडलेलं फूल देवाला चालत नाही, पण पारिजातकाचं चालतं, तसंच हे. तुमचा निसर्ग पारिजातक आहे हे टिपणात सिद्ध करा. दुसरी, हिशेब आपणच सांगितला की पाप अर्ध्यावर येतं. मी भिंतीवर खाली, बारीक अक्षरात, करमाळा ते मुंबईचं डिझेल लिटरमध्ये लिहिलं होतं. एका प्रेक्षकाने ते वाचून मला मिठी मारली. तो स्वतः परळहून एकटाच मोठ्या गाडीतून आला होता.

आणि हो, काम गाजलं तर पुन्हा वितळवायला लाजू नका. २०१८ मध्ये लंडनला टेट मॉडर्नसमोर पुन्हा २४ तुकडे आले.

खरं सांगायचं तर मला हे काम आवडतं. तापमान दीड अंशाने वाढणार हे वाचून माझ्या अंगावर कधी काटा आलेला नाही. बर्फाला कान लावलेल्या त्या पोरांचे फोटो बघून आला. पण हे तुम्ही उद्घाटनाच्या दिवशी बोलू नका, भाबडे दिसाल.

५. खरोखर पिकवू नका

नवशिक्यांची सर्वाधिक फसगत इथे होते. माती आहेच तर दोन दाणे टाकून बघू, असा मोह होतो. आवरा.

ॲग्नेस डेनिस नावाच्या बाईंना १९८२ मध्ये हा मोह आवरला नाही. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला, वर्ल्ड ट्रेड सेंटरचे मनोरे बांधताना निघालेल्या भरावाची मोकळी जागा होती. समोर वॉल स्ट्रीट. जागेची किंमत ४५० कोटी डॉलर. तिथे बाईंनी २०० ट्रक माती आणून टाकली, दगडगोटे नि कचरा वेचला, हाताने २८५ सऱ्या काढल्या आणि दोन एकर गहू पेरला. पेरणी १ मे, कापणी १६ ऑगस्ट. हजार पौंडांच्या वर गहू निघाला. मनोऱ्यांच्या पायथ्याशी कमरेइतक्या सोनेरी गव्हात काठी घेऊन उभ्या असलेल्या बाई, हा फोटो या क्षेत्रातला शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक समजा. प्रत्येकाच्या भिंतीवर असतो.

मी तो फोटो मामांना दाखवला आणि मूल्य, भूक, भांडवल, जमीन वगैरे दहा मिनिटं बोललो. मामांनी चष्मा लावून फोटो नीट पाहिला.

"गहू मे महिन्यात पेरला?"

"तिकडे थंडी उशिरा संपते, मामा."

"किती निघाला म्हणालास?"

मी पौंडांचे किलो करून सांगितले. साडेचार क्विंटलच्या पुढेमागे.

"दोन एकरात? एकरी अडीच बी न्हाय?" मामांना मनापासून वाईट वाटलं. "काणी पडली असंल."

मला हसू आलं. मग घरी येऊन डेनिसबाईंनी या कामाविषयी लिहिलेलं पुन्हा वाचलं. शेताच्या देखभालीत त्यांनी काय काय केलं त्याची यादीच आहे. तण काढलं, खत दिलं, बुरशीवर फवारणी केली, आणि हो, काणी (गव्हावरचा रोग) काढली. जे समीक्षकांच्या नजरेतून सुटलं ते मामांनी उताऱ्यावरून ओळखलं.

म्हणून म्हणतो, पिकवू नका. पिकवलंत की लोक अर्थ विचारत नाहीत, उतारा विचारतात.

६. झाडं : फक्त प्रगत विद्यार्थ्यांसाठी

पुन्हा बॉइसच. १९८२ मध्ये जर्मनीतल्या कासेल शहरात, डॉक्युमेंटा या मोठ्या प्रदर्शनाच्या निमित्ताने, त्याने मुख्य संग्रहालयासमोर बेसाल्टच्या ७,००० शिळांचा ढीग ओतला. बेसाल्ट म्हणजे आपला सह्याद्रीचाच काळा पाषाण. अट अशी घातली की ढिगातली एक शिळा हलवायची तर शहरात कुठेतरी एक झाड लावून ती त्याच्या शेजारी उभी करायची. म्हणजे ढीग नको असेल तर झाडं लावा. सगळी झाडं लागायला पाच वर्षं गेली. पैसे जमवायला बॉइसने जपानी व्हिस्कीच्या जाहिरातीतही काम केलं. जानेवारी १९८६ मध्ये तो वारला. शेवटचं झाड १९८७ मध्ये त्याच्या मुलाने लावलं.

आता तुलना करा. आपल्या राज्याने १ जुलै २०१६ या एका दिवसात २ कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. पुढे २०१९ साली ते ३३ कोटींवर गेलं. त्यापुढे ७,००० म्हणजे किस झाड की पत्ती. बॉइस मागे का पडला? झाडाशेजारी दगड पुरून ठेवल्यामुळे. झाड मेलं तर दगड एकटाच उभा राहून चुगली करतो. तुम्ही दगड ठेवू नका. रोप हातात धरा, पाहुण्यांना शेजारी घ्या, झारी तिरकी करा, फोटो झाला की निघा. खड्डा गेल्या वर्षीचा असेल तर उत्तम, खोदाई वाचते.

७. स्थानिक समाजाचा सहभाग

प्रदर्शनाच्या फलकावर 'स्थानिक समाजाच्या सहभागातून' ही ओळ हवीच. तुमचं नाव मोठ्या टायपात, ही ओळ त्याखाली, आणि समाजाचं नाव जागा उरली तर.

याविरुद्ध वागणारी माणसं भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. रिचर्ड लाँग हा इंग्रज कलावंत १९६७ मध्ये एका माळावर एकाच रेषेत पुन्हापुन्हा येरझाऱ्या घालून, गवत दबून उमटलेल्या पायवाटेचा फोटो काढून प्रसिद्ध झाला. हे पूर्णपणे अनुकरणीय आहे. पण पुढे तो डहाणूकडे वारल्यांच्या मुलखात आला, गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना भेटला आणि २००३ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात दोघांचं प्रदर्शन झालं, दोघांच्याही नावाने. मशे यांना पुढे २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. ज्यांच्याकडे तांदळाचं पीठ, शेणामातीची भिंत आणि बांबूची काडी एवढंच सामान आहे, त्यांना असं बरोबरीला बसवलं तर आपण टिपणात कुणाचा आवाज बनणार?

नवज्योत अल्ताफ यांचं उदाहरण तर फारच घातक. मुंबईच्या दालनांत नाव झालेल्या या कलावंत नव्वदच्या दशकात बस्तरमधल्या कोंडागावला गेल्या आणि तिथल्या आदिवासी कलावंतांबरोबर काय बांधलं, तर हातपंपाचे ओटे. 'नलपार' म्हणतात त्यांना. पाणी भरणाऱ्या बाईला हंडा टेकवता यावा, वाकावं कमी लागावं, सांडलेलं पाणी वाहून जावं, असे विचार करून बांधलेले. आणि काम झाल्यावर परत यायचं, तर बाई वर्षानुवर्षं तिकडे जात राहिल्या. याला प्रकल्प म्हणत नाहीत, याला नांदणं म्हणतात. आपल्याला पंधरा दिवसांची शिष्यवृत्ती असते.

प्रभाकर पाचपुते यांचं मात्र काहीच करता येत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोळसापट्ट्यात, सास्ती गावात जन्म. घरात पिढ्यान्‌पिढ्या खाणकाम. ते खाणीविषयीच चित्रं काढतात आणि तीही कोळशाने. त्यांना विषय शोधावा लागला नाही, विषयाचाच हंडा घरात भरलेला. तुमच्यामाझ्यासारख्यांनी कोथरूडमध्ये जन्म घेऊन आधीच उशीर केलाय.

८. उद्घाटन

दक्षिण मुंबईतल्या एका दालनात, दहा बाय दहाच्या चौकोनात, तीन इंच जाडीत माझी 'सुफला' पसरली. सुपीकतेचा सोहळा अशी मूळ कल्पना होती. दालनाचा एसी सक्त, तो बंद करायचा नाही, कारण शेजारच्या खोलीत कुणाची तरी तैलचित्रं होती. तिसऱ्या दिवशी मातीला पहिली भेग गेली. पाचव्या दिवशी तिच्यात बोट जाईल एवढी झाली. काळी माती ओल गेली की आकसते, हे पाचवीच्या भूगोलात होतं. मी भूगोल पाठ करून पास झालेलो.

मी घाबरून पाणी मारायला गेलो, तर समोर एक बाई डोळे पुसत उभ्या. "किती बोलतेय ही जमीन," त्या म्हणाल्या. "हा मराठवाडाच आहे ना?"

नवशिक्यांनो, अशा क्षणी काय करायचं ते लक्षात ठेवा. पाण्याची बाटली मागे लपवायची आणि गंभीरपणे मान हलवायची. त्याच रात्री फलक बदलला. 'सुफला' खोडून 'अवर्षण' लिहिलं. टिपणातला एक शब्दही बदलावा लागला नाही. दुसऱ्या दिवशी चौकोनाजवळ लाल टिकली लागली. विकली गेली!

आग्रहाने बोलावलं होतं म्हणून त्या शनिवारी मामा आले. पांढरं धोतर, टोपी, हातात मामींनी दिलेली शेंगदाण्याच्या चटणीची पिशवी. तीन जणांनी त्यांना मातीशेजारी उभं करून फोटो काढले. मग गर्दी पांगली तसे मामा खाली बसले आणि कडेचं एक ढेकूळ उचलायला त्यांनी हात पुढे केला.

"काका, प्लीज, कलाकृतीला हात लावू नका," कोपऱ्यातली स्वयंसेविका म्हणाली. तिचं काही चुकलं नाही, तिला तसंच सांगितलेलं होतं.

मामांनी हात मागे घेतला. उठले, दोन्ही हात पाठीशी बांधले आणि बांधावर उभे राहतात तसे चौकोनाच्या कडेला उभे राहिले.

"ओल तुटू दिलीस," एवढंच म्हणाले.

९. परदेशी जायचं असेल तर

माती जिवंत असता कामा नये. बहुतेक देश परकी माती परवान्याशिवाय सीमेच्या आत घेत नाहीत. घेतली तर आधी ती भाजून निर्जंतुक करून मागतात. गांडूळ, तणाचं बी, बुरशी, काही उरलेलं चालत नाही. पेटी लाकडी असेल तर त्या लाकडाच्या गाभ्यालाही ५६ अंशांवर अर्धा तास शेकून शिक्का मारून घ्यावा लागतो. निसर्ग बाहेर दाखवण्याजोगा व्हायला एवढं करावंच लागतं. मनाला लावून घेऊ नका.

१०. आवराआवर

याबद्दल कुणी शिकवत नाही म्हणून सांगतो. प्रदर्शन संपलं की त्याच दिवशी संध्याकाळी सहापर्यंत जागा मोकळी करून द्यावी लागते. सकाळपर्यंत जी संवेदनशील भूमी होती तिला सहानंतर राडारोडा म्हणतात आणि तो उचलायचे वेगळे पैसे पडतात.

लाल टिकलीवाल्या गृहस्थांना सगळी माती नको होती. त्यांच्या वरळीच्या फ्लॅटमध्ये पाव ब्रास पसरायला सोसायटीने नकार दिला. त्यांनी काचेच्या पेटीत मावेल तेवढी, भेगांसकट, कारागिराकडून अलगद उचलून नेली. सोबत माझ्या सहीचं अस्सलपणाचं प्रमाणपत्र. उरलेल्या मातीचं काय करायचं हा विचार करत मी पायरीवर बसलो होतो, तेवढ्यात दालनाच्या दारात पिकअप लागला. मामा उतरले. घमेलं त्यांनी घरूनच आणलं होतं.

"मामा, तुम्ही कशाला आलात? मी पाठवली असती."

"तू वरची नेलीस," मामा म्हणाले.

भरायला सुरुवात झाली. गडी आणले नव्हते, म्हणून घमेली मीच उचलली. मामा पिकअपच्या फळीला टेकून मोजत होते. शेवटी फरशी केरसुणीने झाडून जमलेलंही आम्ही भरलं. एकेचाळीस झाली.

"चार कमी," मामा म्हणाले.

मी त्यांना कलाकृतीची विक्री, काचेची पेटी, आवृत्ती क्रमांक एक, सगळं समजावून सांगितलं. मिळालेल्या पैशातले निम्मे देऊ केले. मामांनी पैसे घेतले, मोजले, बंडीच्या खिशात ठेवले. पण काही बोलेनात, पिकअपही सुरू करेनात. मग मी पिशवीतून प्रमाणपत्राची दुसरी प्रत काढली, तीवर 'चार घमेली' असं हाताने लिहून सही केली आणि त्यांना दिली.

मामांनी ती उजेडात धरून वाचली. चार घड्या घातल्या. पिकअपच्या डाव्या खिडकीची काच करमाळ्यापासून खडखडत होती. कागद तिच्या फटीत दाबून बसवला आणि काच वरखाली करून पाहिली. आवाज थांबला.

"बस," मामा म्हणाले. "दादरला सोडतो."